नकाराचा हक्क आणि घारगे

सगळा दोष त्या चिठ्ठीचा. लेकीच्या शाळेतल्या इतिहासाच्या बाईंनी वर्गात बिस्किटांचा रिकामा डबा फिरवला. डब्यात नकाशावरून पुसल्या गेलेल्या देशांच्या चिठ्ठ्या. ज्याला जो देश येईल त्यानं दीड महिन्यात त्याचा मोठा तक्ता करायचा आणि वर्गापुढे उभं राहून बोलायचं. आमच्या तेरा वर्षांच्या कन्येच्या हाताला लागलं पोलंड आणि लिथुआनियाचं जुनं जोडराज्य. घरी आली ती दप्तर सोफ्यावर आदळत आणि वाक्याच्या शेपटीला इथला सिंगापुरी 'ला' लावतच.

"मम्मा, सो बोरिंग ला! कुणी नावपण ऐकलं नाहीये!"

"कुणी म्हणजे?" मी कणकेचे हात तसेच घेऊन बाहेर आले. "मी ऐकलंय!"

आणि तिथून पुढचा दीड महिना मी वारं प्यायलेल्या वासरासारखी घरभर उधळले. का, ते सांगते. लग्नाआधी पाच वर्षं मी साताऱ्याला कॉलेजात इतिहास शिकवत होते. एम.ए.ला युरोपचा पेपर होता. त्या जोडराज्यावर मी परीक्षेत पुरवण्या जोडून जोडून लिहिलं होतं, आणि नंतरच्या पंधरा वर्षांत मला त्याबद्दल एका माणसानं, चुकूनसुद्धा, काही विचारलं नव्हतं. सिंगापुरात माझ्याकडे नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेला डिपेंडंट पास होता, नोकरी नव्हती, आणि तोंड मात्र जागच्या जागी होतं. लग्नात आईनं बजावलं होतं, "सासरी वर्गात बोलतेस तसं बोलू नकोस." पंधरा वर्षं सांभाळलं. आता सोडते होय!

घरातली माणसं आधी सांगते, म्हणजे पुढचा गोंधळ कळेल. मरीन परेडला अकराव्या मजल्यावर आमचा भाड्याचा फ्लॅट. खिडकीतून समुद्र दिसायचा आणि समुद्रावर नांगर टाकून उभी असलेली जहाजंच जहाजं. त्यातल्याच कुठल्या तरी जहाजाच्या पोटात माझा नवरा. मरीन इंजिनिअर. ऑफिस इथलंच, पण जिथं इंजिन खोकलं तिथं ह्याला धाडायचे, त्यामुळे महिन्यातले वीस दिवस तो घरात फक्त फोनच्या पडद्यावर असायचा. मग आमची लेक. आणि सासूबाई. सासरे गेल्यावर चिपळूणच्या फ्लॅटला कुलूप घालून, किल्ली शेजारी देऊन त्या आमच्याकडे आल्या होत्या, लाँग टर्म व्हिजिट पासवर. पास दोन वर्षांचा. तो संपायला आता दोन महिने उरले होते आणि पुढचा अर्ज करायचा की नाही, हे त्या काही बोलत नव्हत्या. मी विचारलं की म्हणायच्या, "बघू." माझ्या मनात काय होतं ते सांगून टाकते: मला त्या राहायला हव्या होत्या. पण हे तोंडानं म्हणायचं म्हटलं की माझ्या जिवावर यायचं. भांड म्हणा, अर्ध्या मिनिटात पदर खोचून तयार!

आणि भांडायला विषय कायम हजर. त्या चिपळूणच्या, मी साताऱ्याची. त्यांच्या हाताला नारळ, माझ्या हाताला दाण्याचं कूट. आल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना कळलं की इथल्या मार्केटात नारळवाला डोळ्यांदेखत मशीनवर नारळ खवून पिशवीत भरून देतो. झालं! त्या दिवसापासून वांग्यात नारळ, मटकीत नारळ, काकडीच्या कोशिंबिरीत नारळ. एका चतुर्थीला मी साबुदाण्याच्या खिचडीचा पहिला घास घेतला आणि थांबले. कूट नाहीच. सगळं ओलं खोबरं.

"आई, खिचडीत कूट नाही?"

"खोबरं घातलंय की. जरा मऊ लागते."

"मऊ लागायला ती काय उशी आहे?"

असं आमचं चालायचं. लेक मध्ये बसून दोघींच्या ताटातलं खायची आणि वजन फक्त तिचं वाढायचं.

तर तक्त्यासाठी म्हणून मी लायब्ररीतून पुस्तकं आणली आणि वाचता वाचता मोठ्यानं ओरडायलाच लागले. अहो, काय ते राज्य! दोन देशांनी आपखुशीनं गाठ मारलेली. निदान कागदावर आपखुशीनं. आतून किती कुरकुर ते लग्न झालेल्या कुणालाही कळेल. राजा एक, सभा एक, पण खजिने दोन, फौजा दोन, कायद्याची पुस्तकं दोन. त्यात पोलिश, लिथुआनियन, रुथेनियन, जर्मन, ज्यू, आर्मेनियन, मशिदी बांधून राहिलेले तातार, पाठीवर गाठोडं घेऊन आलेले स्कॉटिश फेरीवाले. शेजारपाजारचे देश धर्मापायी एकमेकांची डोकी फोडत होते, तेव्हा इथल्या सरदारांनी कागदावर सह्या करून ठेवलं होतं की धर्मावरून आपण आपसांत रक्त सांडायचं नाही. आणि सरदार तरी किती! ज्याचं शेत घोंगडीएवढं, तोही कमरेला तलवार लटकवून नांगरायला जायचा.

"म्हणजे अगदी आमचा सातारा!" मी टेबलावर हात आपटून म्हणाले.

सासूबाई ओट्याशी कोळंबी सोलत होत्या. इतका वेळ त्यांनी मान वर केली नव्हती. आता केली.

"आणि स्वयंपाकघर?"

"काय स्वयंपाकघर?"

"राजा एक म्हणतेस, खजिने दोन म्हणतेस. स्वयंपाकघर एक की दोन?"

मी जी हसत सुटले ती थांबेचना. पुस्तकात कुणीही हा प्रश्न विचारला नव्हता, आणि राज्य चालवायचं तर पहिला प्रश्न तोच हवा होता. त्याच संध्याकाळी आम्ही दोघींनी तह केला. स्वयंपाकघर एक, मिसळणाचे डबे दोन. सोमवार, बुधवार, शुक्रवार नारळाचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार कुटाचे. रविवारी सकाळी पोहे खाता खाता सभा, आणि रविवारी काय शिजायचं ते सभा ठरवणार. लेक चिटणीस. ती ठराव इंग्रजीत लिहायची आणि खाली आम्हा दोघींच्या सह्या घ्यायची. सासूबाई पूर्ण नाव, सासऱ्यांच्या नावासकट, सावकाश लिहायच्या.

आता राजा हवा. त्या राज्यात राजाचा मुलगा आपोआप राजा होत नसे. राजा निवडायचा. राजधानीबाहेरच्या माळावर हजारो सरदार घोडे, तंबू, आचारी घेऊन जमायचे आणि तिथं मत द्यायचे. आणि गादीवर बसायच्या आधी राजाकडून अटी लिहून घ्यायचे! आमचा उमेदवार चार दिवसांच्या सुट्टीवर आला, तसा आम्ही त्याला शनिवारी ईस्ट कोस्ट पार्कात नेला. त्या वर्षी सिंगापूर स्वतंत्र होऊन पन्नास वर्षं झाली म्हणून इमारती-इमारतींवर झेंडे लटकत होते. मी म्हटलं, बघा, आपल्या निवडणुकीची केवढी तयारी!

चटई अंथरली. सासूबाईंनी दडपे पोह्यांचा डबा उघडला. लेकीनं अटी वाचल्या. जहाजावरून फोन केल्यावर आधी माणसांची चौकशी, मग इंजिनाची. ओला टॉवेल पलंगावर टाकायचा नाही. आणि तिसरी, मी स्वतः घातलेली: आईसमोर बायकोची बाजू घ्यायची नाही, बायकोसमोर आईची घ्यायची नाही, आणि दोघींसमोर तर कुणाचीच नाही.

"मग मी बोलायचं काय?" नवरा म्हणाला.

"काही नाही. तू राजा आहेस."

"हा तर बारभाई कारभार झाला."

"त्याच सुमाराची गोष्ट आहे!" मी खूश होऊन ओरडले. "इकडे पुण्यात बारभाई कारभार बघत होते, तेव्हाच तिकडे ह्यांच्या नकाशाचे पहिले तुकडे पडत होते!"

"तू शिकवायला लागलीस की घाबरायला होतं," असं म्हणून त्यानं सही केली. बिनविरोध निवडून आला. लेकीनं टाळ्या वाजवल्या, शेजारच्या चटईवरच्या चिनी आजोबांनीही वाजवल्या. आणि अर्ध्या तासात ऑफिसचा फोन. समोरच्या बाताम बेटाजवळ एका जहाजाचा जनरेटर बंद पडला होता. नवरा उठला, पँटची वाळू झटकली आणि रस्त्याकडे निघाला.

मला तर आनंदाच्या उकळ्याच फुटल्या. कारण तिथंही अगदी हेच! त्यांनी पहिल्यांदा निवडलेला राजा फ्रान्सचा राजपुत्र होता. जेमतेम काही महिने टिकला. तिकडे भाऊ वारला, फ्रान्सची गादी मोकळी झाली अशी खबर आली आणि हा पठ्ठ्या राजवाड्यातून गुपचूप निसटून सरहद्दीकडे घोडा फेकत सुटला. मागून सरदार घोड्यांवर, महाराज परत फिरा, परत फिरा! हे सगळं मी नवऱ्याच्या मागं धावत धावत सांगत होते. माझ्यामागं लेक हसत लोळत, आणि तिच्यामागं सासूबाई, साडीच्या निऱ्या हातात धरून.

"अरे, डबा तरी ने! राजा झालास म्हणून उपाशी जाशील?"

त्यानं टॅक्सीच्या खिडकीतून डबा घेतला. इतकं हसून सासूबाईंना धाप लागली, म्हणून आम्ही तिघी फुटपाथवरच बसलो. दोन वर्षांत त्यांना मी असं हसताना पहिल्यांदा बघितलं, आणि मनात आलं की आत्ताच विचारावं, पासाचं काय करायचं. पण म्हटलं, कशाला रंगाचा बेरंग.

मग मी ती चूक केली. शिकवण्याची हौस, दुसरं काय! पुढच्या रविवारी मी सभेत त्या राज्याचा सगळ्यात नामी कायदा सांगितला: नकाराचा हक्क. सभेतल्या कुणाही एकानं उभं राहून 'मला मान्य नाही' म्हटलं की ठराव पडला. आणि नुसता तो ठराव नव्हे. त्या बैठकीत आधी मंजूर झालेलं सगळंच्या सगळं पडलं. कारण एका बैठकीतले कायदे म्हणजे एकच ताट. एक वाटी परत गेली की अख्खं ताट परत.

"भलतंच!" सासूबाई म्हणाल्या.

लेकीचे डोळे मात्र लकाकले. "मम्मा, आपण पण ठेवू या?"

"ठेवू या की!" मी म्हणाले. ह्याला म्हणतात आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं.

'मला मान्य नाही' एवढं लांबलचक बोलायला आमच्या लेकीला वेळ कुठला! ती हात वर करून म्हणायची, "कॅनॉट!" कारलं? कॅनॉट. गणिताचा जादा तास? कॅनॉट. डोक्याला तेल? कॅनॉट, कॅनॉट, कॅनॉट ला! दोन रविवार आमच्या राज्यात एकही कायदा झाला नाही. तिसऱ्या रविवारी पहिलाच ठराव तिच्या फायद्याचा होता, सेंगकांग भागातल्या मैत्रिणीकडे राहायला जायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवटचा ठराव कारल्याचा. हात सवयीनं वर गेला, "कॅनॉट!" आणि मग तिचं तिलाच कळलं. मैत्रीण गेली, सेंगकांग गेलं, अख्खं ताट परत. रडून रडून नाक लाल केलं, पण मी म्हटलं, कायदा म्हणजे कायदा. तेव्हापासून बाईसाहेब हात वर करण्याआधी वहीत मागचे ठराव वाचायच्या.

सासूबाईंनी तो हक्क एकदाही वापरला नाही. लेकीनं आग्रह केला, "आजी, तू पण म्हण ना, एकदा तरी!"

"नको गं बाई. जन्मभर हो म्हणत आले. आता जिभेला ते वळण नाही." मग मला म्हणाल्या, "पुढे काय झालं त्या राज्याचं?"

मी सांगितलं. शेजारचे राजे एखाद्या सभासदाला फूस लावायचे, तो उभा राहून नकार द्यायचा, सभा मोडायची. वर्षानुवर्षं काहीच ठरेना. फौज वाढेना. शेवटी शहाणपण आलं, नवी राज्यघटना लिहून तो हक्क काढून टाकला, पण तोवर फार उशीर झाला होता. तिघा शेजाऱ्यांनी तीन वेळा वाटे करून सगळा नकाशा गिळला.

"एवढे तलवारी लावून फिरणारे लोक," सासूबाई म्हणाल्या, "आणि वेळेवर बोलायला एकालाही सुचलं नाही?"

तक्ता द्यायला पाच दिवस उरले होते. खरं सांगायचं तर तक्ता आता लेकीचा राहिलाच नव्हता. मी तिला फक्त समुद्र रंगवायला दिला होता. पाठीला पंख लावून लढणारे त्यांचे घोडेस्वार मी काढले, नद्या मी काढल्या, लिथुआनियाला हिरवा रंग मी तीन हात दिला. गुरुवारी मागून डकवलेल्या कागदाची खळ वाळावी म्हणून तो जेवणाच्या टेबलावर पालथा घातला आणि लेकीला बस स्टॉपवरून आणायला गेले. परत आले तर घरात करपल्याचा वास. ओट्यावर सासूबाईंनी नारळाच्या वड्या थापल्या होत्या, तिथं जागा नव्हती, म्हणून गरम कढई आणून टेबलावरच्या कोऱ्या कागदावर ठेवली होती. कढई उचलली. तक्ता उलटा केला. लिथुआनियाच्या जागी थाळीएवढं काळं भोक.

माझा राग म्हणजे दुधासारखा. उतू जाईपर्यंत काही नाही, आणि मग सगळा ओटा भरतो.

"आई, दिसत नाही का तुम्हाला? टेबल दिसलं की टेकवायचं! हे काही चिपळूण नाही! काय करायचं ते तुमच्या घरी करा, माझ्या घरात नाही!"

तुमच्या घरी. कुलूप घातलेल्या, किल्ली शेजारी ठेवलेल्या घरी. शब्द तोंडातून सुटतानाच मला कळलं.

"चुकलं गं माझं," सासूबाई म्हणाल्या, आणि कढई घेऊन आत गेल्या.

मी माफी मागितली असेल असं वाटतं ना तुम्हाला? डोंबल! मी फुगून बसले. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, नारळाचा वार. ताटात वालाची उसळ आली. पहिला घास घेतला आणि मान वर केली. कूट होतं. वालाच्या उसळीत, चिपळूणच्या बाईनं, नारळाच्या वारी, दाण्याचं कूट घातलं होतं. शनिवार तर कुटाचाच. खवलेल्या नारळाची पिशवी फ्रीजमध्ये जशीच्या तशी. मला माझंच कूट घशाखाली उतरेना. लाज वाटली मला, सरळ सांगते, इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. तरी तोंड उघडेना.

रविवारी पोह्यांच्या बशा पुढ्यात घेऊन सभा बसली. पहिला ठराव सासूबाईंचा होता. चिटणिसानं वाचून दाखवला, वाचताना तिचा आवाज बारीक झाला. आजीचा पास पुन्हा काढू नये. आजीनं महिनाअखेर चिपळूणला जावं.

"तिकडे फ्लॅट बंद आहे, भिंतींना ओल धरते," सासूबाई बशीकडे बघत म्हणाल्या. "आणि हिलाही आता स्वतःची खोली हवी. मोठी झाली."

लेकीनं माझ्याकडे बघितलं. हात थोडासा उचलला.

"तू मला शब्द दिलायस," सासूबाई तिला म्हणाल्या. हात खाली आला. म्हणजे पोरीकडून आधीच वचन घेऊन ठेवलं होतं! मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बोलायला हवं होतं. वर्गात पन्नास पोरांना ओरडून गप्प करणारी बाई मी. राहा, एवढी दोन अक्षरं येईनात. वाटलं, कढईच्या त्या बोलण्यानंतर ह्यांना माझं तोंड बघायची इच्छा नसेल, जायचं असेल खरंच, मी कोण अडवणारी. ठराव मंजूर झाला. लेकीनं वहीत लिहिलं आणि डोळे पुसले.

दुसरा ठराव पंख्याच्या साफसफाईचा. मंजूर. तिसरा लेकीच्या चष्म्याचा. मंजूर. शेवटचा: दुपारी लाल भोपळ्याचे घारगे.

आता घारगे म्हणजे माझा जीव. लग्नानंतर चिपळूणला पहिल्यांदा खाल्ले तेव्हा सहा खाऊन उठले होते आणि सासरे म्हणाले होते, सून बरी मिळाली, लाजत नाही. साताऱ्याचं चिपळूणशी जमलेलं ते एकच कलम. सासूबाईंनी ते मुद्दाम माझ्यासाठी ठेवलं होतं, हे न कळायला मी दगड नव्हते. जायच्या आधी सुनेला गोड करून घालावं म्हणून.

"मंजूर?" लेकीनं विचारलं.

मी उभी राहिले. खुर्ची मागं पडली.

"मला मान्य नाही!"

"अगं, घारगे आहेत," सासूबाई म्हणाल्या.

"मला भोपळा आवडत नाही."

"तुला? भोपळा?"

"जन्मात आवडला नाही. मला मान्य नाही, मान्य नाही, मान्य नाही!"

मग आमच्या चिटणिसानं वही उघडली, बोट वर वर सरकवत पहिल्या ओळीपर्यंत नेलं आणि अशी किंचाळली की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल.

"ऑल गॉन! मम्मा, ऑल गॉन! चष्मा गॉन, पंखा गॉन, चिपळूण गॉन!" आणि ती सोफ्यावर चढून नाचायलाच लागली.

सासूबाई उठल्या. बशा गोळा केल्या. "पुढच्या रविवारी परत मांडेन मी," एवढंच म्हणाल्या.

"मांडा," मी म्हणाले. "पुढच्या रविवारी पण भोपळाच ठेवा."

दुपारी मी बाहेर आले तर त्या खिडकीपाशी बसलेल्या. मांडीवर तक्ता. आपल्या जुन्या हिरव्या साडीचा गोल तुकडा कापून त्या करपलेल्या भोकावर लावत होत्या. बारीक टाके, हिरवाच दोरा. लिथुआनिया परत शिवला जात होता.

"राजधानी कुठंशी होती गं?"

मी बोट ठेवलं. त्यांनी तिथं माझ्या नवऱ्याच्या जहाजावरच्या बॉयलर सूटचं एक बटण लावलं. मी त्यांच्या पायाशी फरशीवर बसले आणि मग बोलले एकदाची.

"आई, त्या दिवशी मी वाईट बोलले. हे घर माझं एकटीचं नाही. तुम्ही गेलात तर मला अजिबात करमायचं नाही. मी भांडू कुणाशी?"

त्यांनी दोरा दातानं तोडला. डोळे भरले होते, पण हार जाणारी बाई नव्हे ती.

"हे सभेत बोल. खाली फरशीवर बसून बोललेलं वहीत येत नाही."

मंगळवारी लेकीनं तक्ता नेला. इतिहासाच्या बाईंनी म्हणे लिथुआनियावरून हात फिरवून बघितला आणि कुणी शिवलं म्हणून विचारलं. तो नकाराचा हक्क फारच वाईट होता ना, असंही विचारलं. लेक म्हणाली, "इट डिपेंड्स ऑन द पम्पकिन, टीचर." बाईंना काय कळलं असेल, देव जाणे.

पुढचा रविवार. राजा फोनच्या पडद्यावर साखरेच्या डब्याला टेकवून उभा केलेला, तिसऱ्या अटीप्रमाणे गप्प. चिटणिसानं पहिला ठराव वाचला: आजीचा पास पुन्हा काढू नये, आजीनं चिपळूणला जावं. मी उभी राहिले. सगळं म्हटलं, फरशीवर म्हटलेलं शब्दन् शब्द, मोठ्यानं. लेकीनं लिहून घेतलं. "मी भांडू कुणाशी" ह्याचं इंग्रजी तिला जमेना, ते तिनं मराठीतच लिहिलं. आता मी नकार द्यायचा, एवढंच राहिलं होतं. मी तोंड उघडलं.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "ठराव माझा आहे."

त्यांनी पदर सारखा केला. बशी बाजूला सरकवली. हात वर केला, शाळेत करतात तसा, कोपरापासून सरळ.

"कॅनॉट," त्या म्हणाल्या.

आयुष्यातला पहिला नकार त्यांनी स्वतःच्या जाण्याला दिला. मी आणि लेक दोघी एकदमच त्यांच्या गळ्यात पडलो, पोहे सांडले, साखरेचा डबा कलंडला आणि राजा तोंडावर पडला. "काय झालं? अगं, काय झालं?" तो टेबलाशी तोंड करून ओरडत होता. कुणी त्याला उचलला नाही बराच वेळ.

मग आमच्या काटेकोर चिटणिसानं वही मिटली. सभा मोडली, आजचं सगळं ताट परत, म्हणजे आज घारगेसुद्धा नाहीत, असं तिनं जाहीर केलं.

"ते काही नाही," सासूबाई आत जात म्हणाल्या. "पीठ मी पहाटेच मळून ठेवलंय. पीठ काय सभेला विचारून मळतात?"

पहाटे. म्हणजे मी सभेत बोलणार की नाही हे कळायच्याही आधी. मी त्यांच्या मागोमाग गेले. ओट्यावर पिवळंधमक पीठ, शेजारी परातीत फडकं. मी थापत गेले, त्या तळत गेल्या. दुपारी पासाचा फॉर्म भरता भरता मी सहा खाल्ले. सातव्याला हात घातला तर त्यांनी परात आपल्याकडे ओढून घेतली.

"कॅनॉट!" त्या म्हणाल्या.